एससीओ ओपनसर्व्हर ५ वर नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर: चालू सर्व्हरमध्ये बसवावा, बूटच्या वेळी द्यावा की व्हर्च्युअल मशीनकडे वळावे?

एससीओ ओपनसर्व्हर ५ या जुन्या युनिक्स प्रणालीवर चालणारा सर्व्हर ज्यांच्या जबाबदारीत आहे, त्यांना हा निर्णय कधी ना कधी घ्यावाच लागतो. जुनी स्कझी (सर्व्हरमधली जुनी जोडणीपद्धत) डिस्क थकते, तिच्या जोडीची डिस्क बाजारात मिळेनाशी होते, आणि जी मिळते ती नव्या कंट्रोलरवरच, म्हणजे डिस्क यंत्राला जोडणाऱ्या कार्डावरच, चालते. त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, मात्र १९९८ किंवा २००० साली आलेल्या प्रणालीत नसतो. अशा वेळी तीन मार्ग विचारात घेण्याजोगे असतात. सर्व्हर चालू असतानाच त्यात अद्ययावत ड्रायव्हर बसवून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पुन्हा लिंक करता (जोडून बांधता) येतो. नव्या यंत्रावर प्रणाली चढवताना बूटच्या वेळीच ड्रायव्हर फ्लॉपीवरून देता येतो. किंवा प्रत्यक्ष कंट्रोलरचा नाद सोडून सगळी प्रणाली व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रात, हलवता येते. माझे मत असे की जुना सर्व्हर अजून सुरू होत असेल आणि त्यावरचे टर्मिनल व छपाईयंत्रे तशीच ठेवायची असतील, तर पहिला मार्गच निवडावा. आणि नवे यंत्र विकत घ्यायचेच असेल, तर थेट तिसऱ्याकडे जावे. दुसरा मार्ग जुने यंत्र कायमचे बंद पडले असेल त्यांच्यासाठी आहे, आणि तो शेवटचा उपाय म्हणूनच धरावा.

ओपनसर्व्हर ५ ची पहिली आवृत्ती १९९५ साली आली. १९९८ साली ५.०.५, २००० साली ५.०.६ आणि २००३ साली ५.०.७ अशा आवृत्त्या निघाल्या. या काळात मूळ सांताक्रूझ ऑपरेशन कंपनीकडून हा व्यवसाय काल्डेराकडे गेला, काल्डेराने एससीओ ग्रुप असे नाव घेतले, आणि २०११ नंतर तो आज झिन्युओस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे आहे. मालकी अशी बदलत गेल्यामुळे जुने ड्रायव्हर आणि त्यांची माहितीपत्रके एका ठिकाणी सापडतीलच असे नाही, म्हणून जे हाती आहे त्याची प्रत आजच करून ठेवावी. भारतात बँकांच्या शाखांतून आणि अनेक कार्यालयांतून एका युनिक्स सर्व्हरला सीरियल केबलने जोडलेले डंब टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड) आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ही मांडणी नव्वदच्या दशकात रूढ होती. आज एखाद्या संस्थेत असा सर्व्हर उरला असेल, तर तो बहुधा जुन्या नोंदींसाठी किंवा ज्याचा मूळ प्रोग्रॅमर आता उपलब्ध नाही अशा एखाद्या प्रोग्रॅमसाठी उरलेला असतो. त्यातली माहिती संस्थेच्या सभासदांची आणि खातेदारांची असते, आणि म्हणूनच घाईने केलेली डिस्कबदली मला अक्षम्य वाटते.

तुलनेला हात घालण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळालेच पाहिजे: तुमच्या कंट्रोलरसाठी, तुमच्याच आवृत्तीचा ड्रायव्हर अस्तित्वात आहे का? अ‍ॅडॅप्टेकच्या २९४० मालिकेसारख्या स्कझी कार्डांसाठी, एलएसआय आणि मेगारेड कार्डांसाठी, तसेच कॉम्पॅक व नंतर एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरे कंट्रोलरसाठी असे ड्रायव्हर निघाले होते. कॉम्पॅकने तर आपल्या सर्व्हरसाठी एक्स्टेंडेड फीचर सप्लिमेंट नावाचा स्वतंत्र संचच दिला होता. याउलट, अलीकडच्या सर्व्हरमधले रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे) कंट्रोलर किंवा एनव्हीएमई या नव्या पद्धतीच्या डिस्क यांच्यासाठी ओपनसर्व्हर ५ चा ड्रायव्हर मिळेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. सॅटा डिस्क मधल्या अवस्थेत आहे. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) सॅटा कंट्रोलरला जुन्या आयडीई पद्धतीने वागण्याची सोय असेल, म्हणजे तो नेहमीच्या १४ आणि १५ या इंटरप्टवर आणि ठरलेल्या पोर्टवर उत्तर देत असेल, तर प्रणालीतला डब्ल्यूडी हा आयडीई ड्रायव्हर, विशेषतः त्याचे नंतर आलेले सप्लिमेंट बसवल्यावर, अशी डिस्क चालवू शकतो. मात्र डिस्कच्या आकाराकडे लक्ष द्यावे. २८ बिटांच्या पत्त्याने जास्तीत जास्त सुमारे १३७ जीबीपर्यंतच पोहोचता येते, आणि ड्रायव्हरला त्यापुढची पत्तापद्धत येत नसेल तर डिस्क कितीही मोठी घेतली तरी उरलेली जागा निरुपयोगीच राहते.

चालू सर्व्हरमध्ये ड्रायव्हर बसवणे

या मार्गाचे बळ असे की काहीतरी चुकले तरी जुनी, चालणारी प्रणाली समोर असते. ड्रायव्हर फ्लॉपीवर बीटीएलडी स्वरूपात (बूटच्या वेळी चढवता येणारा ड्रायव्हर) आला असेल, तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून लॉगिन करून 'इन्स्टॉलपीकेजी' ही आज्ञा वापरतात. तो मीडिया इमेजच्या फाइलींच्या स्वरूपात असेल, तर 'कस्टम' म्हणजे सॉफ्टवेअर मॅनेजर वापरावा लागतो. ड्रायव्हरच्या फाइली लिंक किटमध्ये, म्हणजे कर्नल ज्या फाइलींतून बांधला जातो त्या संचात, बसतात, आणि 'लिंक_युनिक्स' चालवल्यावर नवा कर्नल तयार होतो. नवा कर्नल पुढच्या वेळी आपोआप बूट व्हावा का आणि कर्नलचे वातावरण नव्याने बांधावे का, असे दोन प्रश्न शेवटी विचारले जातात, आणि या कामात दोन्हींना होकारच द्यावा लागतो.

जुना कर्नल 'युनिक्स.ओल्ड' या नावाने जपला जातो, त्यामुळे पुष्कळ जण निर्धास्त होतात. पण ही खबरदारी वाटते तेवढी पुरेशी नाही. प्रत्येक लिंकिंगमध्ये फक्त मागचा एकच कर्नल राखला जातो. पहिल्या प्रयत्नात काही राहून गेले म्हणून दुसऱ्यांदा लिंक केले, की 'युनिक्स.ओल्ड' हाच तो बिघडलेला कर्नल होतो आणि खरा चांगला कर्नल हातातून जातो. म्हणून सुरुवातीलाच 'बीटीएमएनटी' या आज्ञेने स्टँड ही बूट फाइलसिस्टीम लिहिण्याजोगी करावी, तिच्यात मोकळी जागा आहे का ते पाहावे, आणि चांगल्या कर्नलची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. बूट प्रॉम्प्टवर ते नाव टाइप केले की तोच कर्नल सुरू होतो. याहून जास्त दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे लिंक किट. जुन्या कर्नलने बूट केले म्हणून लिंक किटमधले बदल मागे फिरत नाहीत. पुढे सहा महिन्यांनी कोणी प्रिंटर किंवा नेटवर्क कार्डासाठी कर्नल लिंक केला, तर तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा आत शिरतो. कर्नलच्या प्रतीबरोबर 'इटीसी' खालच्या 'कॉन्फ' या संपूर्ण डिरेक्टरीचीही प्रत घेतली, तरच मागे फिरण्याची वाट खरोखर खुली राहते.

क्रमालाही तितकेच महत्त्व आहे. ५.०.५ साठी रिलीज सप्लिमेंट आरएस५०५ए, ५.०.६ साठी आरएस५०६ए आणि ५.०.७ साठी मेंटेनन्स पॅक असे मूळ सुधारणासंच आहेत. ते आधी बसवावेत आणि कंट्रोलरचा ड्रायव्हर नंतर, कारण उलट क्रमाने गेल्यास सुधारणासंचातली जुनी फाइल नव्या ड्रायव्हरवर बसण्याची शक्यता असते. त्यानंतरही जुनी डिस्क लगेच काढू नये. नवा कंट्रोलर दुसरे अ‍ॅडॅप्टर म्हणून जोडावा, रूट डिस्क (जिच्यावरून प्रणाली चालते ती) जुन्या कंट्रोलरवरच राहू द्यावी, 'एमकेडेव्ह एचडी' ने नवी डिस्क दुसरी डिस्क म्हणून उभी करावी, आणि 'एचडब्ल्यूकॉन्फिग' च्या यादीत नवे अ‍ॅडॅप्टर दिसते का ते पाहावे. काही दिवस त्या डिस्कवर माहिती लिहून व वाचून पाहिल्यावरच रूट तिकडे हलवावा.

रूट हलवताना घोटाळा बहुधा 'एमएससीएसआय' या फाइलीत होतो. स्कझी उपकरण कोणत्या ड्रायव्हरच्या, कितव्या अ‍ॅडॅप्टरवर आणि कोणत्या क्रमांकावर आहे हे या फाइलीत ओळीओळीने लिहिलेले असते. कार्ड बदलले आणि ओळ तशीच राहिली, तर कर्नल सुरू होतो खरा, पण रूट फाइलसिस्टीम जोडता न आल्याचा पॅनिक (कर्नल बंद पडल्याचा) संदेश देऊन थांबतो. त्या संदेशातला एररचा आकडा कागदावर टिपून ठेवावा. १९ हा आकडा असे उपकरणच नसल्याचे सांगतो, म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्ये आलेलाच नसण्याचा संभव मोठा असतो. ६ हा आकडा असेल, तर त्या पत्त्यावर उपकरण सापडत नाही असे समजून फाइलीतली ओळ, विभागणी आणि डिस्कची भूमिती तपासावी.

बूटच्या वेळी ड्रायव्हर देणे

जुने यंत्र सुरूच होत नसेल, तर इन्स्टॉलेशनच्या बूट प्रॉम्प्टवर 'लिंक' लिहावे, विचारल्यावर पॅकेजचे नाव द्यावे, आणि बीटीएलडी फ्लॉपी घालावी. त्या क्षणी ड्रायव्हर मेमरीतल्या कर्नलशी जोडला जातो आणि डिस्क दिसू लागते. पहिल्या मार्गापेक्षा ही रीत दिसायला सोपी आहे, आणि तिच्यातला धोकाही याच सोपेपणात आहे. असे जोडणे त्या एका बूटपुरतेच असते. इन्स्टॉलेशन पुढे सरकल्यावर तीच फ्लॉपी पुन्हा मागितली जाते, ती डिस्कवरच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर कायमचा बसवण्यासाठी. ती पायरी चुकली, तर तासभर चाललेले काम पहिल्याच रीबूटला वाया जाते.

याशिवाय नव्या यंत्रात फ्लॉपी ड्राइव्ह असतेच असे नाही, वीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपी वाचल्या जातील याची खात्री नसते, आणि नव्याने प्रणाली चढवायची म्हणजे लायसन्स क्रमांक व लायसन्स कोड, काही लायसन्सांत लायसन्स डेटाही, हाताशी लागतो. ज्या कार्यालयात तो मूळ कागदच सापडत नाही, तिथे हा मार्ग सुरू होण्यापूर्वीच अडतो. शिवाय नवे इन्स्टॉलेशन म्हणजे वापरकर्ते, प्रिंटर, टर्मिनलच्या नोंदी आणि अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंग हे सगळे बॅकअपवरून पुन्हा आणणे. संपूर्ण प्रणाली परत उभी करणारा बॅकअप आणि त्याच्या जोडीची बूट फ्लॉपी किंवा सीडी आधीच तयार असेल, तर हे काम एका सुट्टीच्या दिवसात होऊ शकते. फक्त डेटा फाइलींचा बॅकअप असेल, तर किती वेळ लागेल हे कोणीही आधी सांगू शकणार नाही.

व्हर्च्युअल मशीन

या मार्गात ड्रायव्हरचा प्रश्नच वेगळ्या जागी जातो. खाली खरी डिस्क कोणती आहे याच्याशी ओपनसर्व्हरला काही देणेघेणे उरत नाही. त्याला दिसतो तो हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) दाखवलेला, ठरलेला आणि जुना कंट्रोलर. व्हीएमवेअरमध्ये तो बसलॉजिक स्कझी कंट्रोलर असू शकतो, ज्याच्यासाठी बीएलसी हा ड्रायव्हर बीटीएलडी स्वरूपात आहे. आणि त्याची फ्लॉपी इमेज व्हर्च्युअल फ्लॉपी म्हणून जोडता येत असल्याने दुसऱ्या मार्गातली सर्वांत मोठी अडचण इथे उरत नाही. त्याहून सोपा पर्याय म्हणजे व्हर्च्युअल डिस्क आयडीई म्हणून देणे. क्यूईएमयू, व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर या तिघांतही ते शक्य आहे, आणि मग वेगळा ड्रायव्हर न घेता प्रणालीतलाच डब्ल्यूडी पुरतो. वेगाच्या दृष्टीने आयडीई काहीसा मागे असला, तरी खालची डिस्क आजची असते आणि जुन्या सर्व्हरवरचा भार थोडा असतो, त्यामुळे हा फरक कामात अडसर होईल असे मला वाटत नाही. ५.०.७ ची ५.०.७व्ही ही आवृत्ती तर व्हर्च्युअल मशीनसाठीच तयार केलेली आहे, आणि नव्याने लायसन्स घ्यायचे असेल तर तिचा विचार आधी करावा. मागे फिरण्याची सोयही इथे मोठी आहे: ड्रायव्हर बसवण्यापूर्वी मशीन बंद करून डिस्क फाइलीची प्रत घेतली, की कर्नल, लिंक किट आणि डेटा तिन्ही एकदम सुरक्षित होतात.

या मार्गाची खरी किंमत डिस्कच्या बाहेर मोजावी लागते. टर्मिनल ज्या मल्टीपोर्ट सीरियल कार्डावर आहेत, ते कार्ड व्हर्च्युअल मशीनमध्ये सरळ येत नाही; टर्मिनल सर्व्हर किंवा टेलनेट वापरून, म्हणजे नेटवर्कमार्गे, ती मांडणी बदलावी लागते, आणि टर्मिनलच्या नावावरून काउंटर ओळखणारा प्रोग्रॅम असेल तर त्यातही बदल करावा लागतो. पॅरलल पोर्टवरच्या डोंगलशिवाय (लायसन्सची खूण असलेल्या जोडणीशिवाय) सुरू न होणारे अ‍ॅप्लिकेशन असेल, तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये चालते का हे आधी तपासावे. तो होकार मिळेपर्यंत यंत्राची खरेदी करू नये.

ओपनसर्व्हर ६ वर जाणे हाही पर्याय सुचवला जातो. २००५ साली आलेली ही आवृत्ती वेगळ्या, सिस्टीम व्ही रिलीज ५ कर्नलवर उभी आहे, तिच्यात २ जीबीपेक्षा मोठ्या फाइली चालतात, आणि ओपनसर्व्हर ५ ची बहुतेक अ‍ॅप्लिकेशने तिच्यावर चालवण्याची सोय आहे. परंतु ओपनसर्व्हर ५ चे ड्रायव्हर तिच्यात चालत नाहीत. केवळ एक डिस्क बदलण्यासाठी एवढे स्थलांतर करण्यात अर्थ नाही. फाइलींच्या २ जीबी मर्यादेला अ‍ॅप्लिकेशन येऊन भिडले असेल, तरच तिकडे पाहावे.

नुसत्या जुन्या नोंदी पाहण्यासाठी सर्व्हर ठेवला असेल, तर आयडीई डिस्क दाखवणारे व्हर्च्युअल मशीन घ्यावे आणि सीरियल कार्डाचा विचार सोडून द्यावा. काउंटरवर रोजचे काम त्यावर चालत असेल, टर्मिनल बदलण्याची मंजुरी नसेल आणि कंट्रोलरचा ड्रायव्हर मिळालेला असेल, तर चालू सर्व्हरमध्येच तो बसवावा, पण लिंक किटची प्रत दुसऱ्या यंत्रावर पोहोचल्यावरच. कोणताही मार्ग घेतला तरी जुनी डिस्क पुसू नये. नव्या डिस्कवर एक पूर्ण महिनाअखेर पार पडून सगळे अहवाल जुन्या आकड्यांशी जुळेपर्यंत ती लेबल लावून कपाटात ठेवावी आणि लेबलवर कंट्रोलरचे नाव, स्कझी क्रमांक व ओपनसर्व्हरची आवृत्ती लिहावी.