कानाझावा की शिराकावा-गो: हिवाळ्यात मुक्काम कुठे करावा?

फेब्रुवारीत जपानला निघालेल्या मैत्रिणीसमोर पेच आहे: तोक्योनंतरच्या दोन रात्री कानाझावा शहरात काढायच्या की शिराकावा-गो या खेड्यात?

पोहोचायला कानाझावा सोपं. तोक्योहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच-तीन तास. शिराकावा-गोला रेल्वे नाहीच. कानाझावाहून साधारण सव्वा तासाची बस, आणि मोठा बर्फ पडला की वेळापत्रक कोलमडतं.

खरी चुरस जेवणात. कानाझावाच्या ओमिचो बाजारात खेकडे, गोड कोळंबी. शिवाय जिबुनी, म्हणजे पिठात घोळवलेल्या बदकाचा दाटसर रस्सा. हवं तिथे, हवं तेवढं खा. शिराकावा-गोत घरगुती मुक्कामी वाढतील ते जेवायचं. शेगडीवर, होबा म्हणजे मॅग्नोलियाच्या वाळक्या पानावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) चुरचुरत असतो. कडा करपायला लागल्या की गरम भातावर घ्यायचा. माझ्या मते त्या चवीला तोड नाही. शाकाहारी असाल तर दोन्हीकडे आधीच विचारा, दाशी, म्हणजे रश्शांचं मूळ पाणी, बहुतेकदा माशाचीच असते.

खेड्यातलं भाडं चढं वाटतं, पण त्यात सहसा रात्रीचं जेवण आणि न्याहारी धरलेली असते. न्हाणीघर मात्र सामायिक.

वयस्कर आई-वडील सोबत असतील किंवा मासळी हेच निमित्त असेल तर कानाझावा. भरपूर बर्फ आणि गवती छपरांची घरं बघायची असतील तर शिराकावा-गो, पण एकच रात्र. तिथे संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात.