टमी टकनंतरचे आठ महिने: सर्जरी उत्तम, पण प्रेशर गारमेंटने जीव खाल्ला

बेरिॲट्रिकनंतर (वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर) वजन उतरून थांबलंय, पोटाची कातडी लोंबतेय, घडीखाली दर पावसाळ्यात चिघळतंय आणि क्लोट्रिमॅझोलची (बुरशीवरची) पावडर संपता संपत नाही, हे सगळं वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. टमी टकबद्दल, म्हणजे ही लोंबणारी कातडी कापून काढायच्या ऑपरेशनबद्दल, तक्रार नाही. घडी गेली, खाज गेली, पँट कमरेवर बसते. तक्रार आहे ती वरून घालायच्या घट्ट, ताणणाऱ्या प्रेशर गारमेंटबद्दल. सहा आठवडे, आंघोळ सोडून दिवसरात्र अंगावर राहणारी वस्तू, आणि तिच्याबद्दल आधी कोणी धड बोलत नाही.

पहिली चूक मापात होते. ऑपरेशनआधी टेप लावताना लोंबणारी कातडी त्यातच धरली जाते आणि गारमेंट दोन साइझ मोठा येतो. कातडी वर उचलून धरायची, मग कंबर मोजायची. नितंबांचं माप सगळ्यात रुंद जागी घ्यायचं. तरीही पहिल्या दोन आठवड्यांत सूज रोज कमी-जास्त होते, त्यामुळे तेवढ्या काळात वेल्क्रोचा ॲब्डॉमिनल बाइंडर (पोटाला गुंडाळायचा रुंद पट्टा) चालेल का, हे सर्जनना विचारा. तो ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या) नळ्यांवरून सैल-घट्ट करता येतो आणि खूप स्वस्त पडतो. महागडा गारमेंट ड्रेन निघाल्यावर, त्या दिवशीच्या मापाने घ्या. आधी घेतलेला बदलून देत नाहीत. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, ‘अंगाला लागलेला माल परत घेत नाही.’

चेन की हूक? चेनवाला सोपा वाटतो. पण चेन बंद करताना पोट आत दाबावं लागतं, नेमकं तेच तेव्हा जमत नाही, आणि आत कापडाची पट्टी नसेल तर दात कातडीला घासतात. माझी चेन तिसऱ्या आठवड्यात गेली. तीन ओळींचे हूक लावायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण सूज उतरेल तसं आतल्या ओळीवर जाता येतं. शिवाय गारमेंटचे पाय मांडीच्या मध्यापर्यंत हवेत. आखूड गारमेंटची कड जांघेत गुंडाळी होऊन थेट टाक्यांच्या रेषेवर बसते.

इथे एक मत बदलावं लागलं. जितकं घट्ट तितकं चांगलं, आत पाणी भरणार नाही, असा माझा समज होता. तो चुकीचा होता. सेरोमा (कातडीखाली साठणारं पाणी) आटोक्यात ठेवण्याचं मुख्य काम सर्जनने आतून घातलेले टाके आणि ड्रेन करतात. गारमेंटने सूज कमी राहते आणि चालताना आधार मिळतो. उलट जास्त घट्ट बांधणं धोक्याचं. पोटाची कातडी स्नायूंवरून सोडवून खाली ओढलेली असते, त्यामुळे बेंबीखालच्या मधल्या भागाला रक्त मुख्यतः दोन्ही बाजूंनीच पोचतं. वाकून बसलं की गारमेंटला तिथेच आडवी घडी पडते, आणि ती तासभर दाबून राहिली तर कातडी निळसर-काळपट पडू शकते. दोन बोटं आत सहज गेली पाहिजेत. दर दोन तासांनी उभं राहून कापड सरळ करायचं. रंग बदललेला दिसला तर गारमेंट सैल करून लगेच फोन.

ड्रेनबद्दल थोडक्यात. नळीच्या बाटलीत आलेलं पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजायचं, रंग लिहायचा: लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. साधारणपणे चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली सलग दोन दिवस आलं की काढतात. बाटली दाबलेली न राहता फुगली, तर व्हॅक्यूम गेलाय. झाकण आणि जोड तपासा. बाटली अचानक लालभडक भरली तर वाट बघू नका, लगेच सर्जनना फोन करा. ड्रेन काढल्यावर पोटाच्या एका कडेला टिचकी मारून दुसऱ्या कडेला लाट गेल्यासारखी वाटली, तर पाणी साठलंय. ते ओपीडीत सुईने काढतात, काही वेळा अनेकदा काढावं लागतं.

पैशांचं बोलायचं तर मेडिक्लेमवर विसंबू नका. कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीत वगळलेली असते. तब्येतीला थेट धोका असल्याने इलाज म्हणून गरजेची आहे, हे डॉक्टरांनी लिहून दिलं तरच अर्ज करण्यात अर्थ. त्यासाठी चिघळल्याचे तारखेसकट फोटो आणि जुनी प्रिस्क्रिप्शन्स जपून ठेवा. कॉस्मेटिक म्हणून बिल झालं तर १८ टक्के जीएसटीही लागतो. पॅकेजमध्ये तो धरलाय का आणि गारमेंट किती, हे कोटेशनवर लिहून घ्या.

दोन गारमेंट लागतातच. आपल्याकडच्या दमट हवेत एक रात्रीत वाळत नाही, आणि ओला घातला की टाक्यांच्या कडेला पुरळ येतं. गार पाणी, साधा साबण, पिळायचं नाही, सावलीत वाळत घालायचं. कम्फर्ट वगैरे घातलं की इलॅस्टिक लवकर ढिलं पडतं.

आठव्या महिन्यात संध्याकाळी थोडी सूज येते, बेंबीखाली अजून बधिर आहे. त्या जागी गरम पाण्याची पिशवी अजिबात ठेवू नका. चटका बसलेला कळतच नाही, फोड आल्यावर दिसतं.