दादरचा स्ट्रक्चरल ॲनालिसिसचा क्लास: मोमेंट डिस्ट्रिब्युशनसाठी जरूर लावा

मोमेंट डिस्ट्रिब्युशन म्हणजे सलग तुळईतले वाकवणारे मोमेंट टप्प्याटप्प्याने वाटून काढण्याची, अमेरिकन इंजिनिअर हार्डी क्रॉसची 1930 सालची पद्धत; ती इथे मनापासून शिकवतात. उदाहरण घ्या: सलग तुळई, आधारांमधले प्रत्येकी 6 मीटरचे दोन गाळे, टोकं साधी टेकलेली, 20 किलोन्यूटन प्रति मीटर भार. फिक्स्ड एंड मोमेंट (टोकं घट्ट धरली आहेत असं मानून येणारा मोमेंट) 60; टोकं मोकळी करून निम्मा, म्हणजे 30, मधल्या आधाराकडे नेला की थेट 90 किलोन्यूटन-मीटर. मुलं चुकतात ती यानंतर: मोकळ्या टोकाच्या गाळ्याची स्टिफनेस (वळण्याला होणारा विरोध) 3ईआय भागिले एल घ्यायची (ई मालाचा ताठरपणा, आय छेदाच्या आकारावरचा आकडा, एल गाळ्याची लांबी), 4ईआय नव्हे, आणि तिकडे पुन्हा कॅरीओव्हर (निम्मा मोमेंट दुसऱ्या टोकाला नेणं) नाही. हे फळ्यावर दोन रीतींनी पडताळून दाखवतात, फार छान!

आधार खचल्याचा भाग मात्र घाईत उरकतात, त्यामुळे अधिक-उणे चिन्हांचा घोळ राहतोच. भरावाच्या जमिनीवर वाढलेल्या मुंबईत हा भाग असा सोडून चालणार नाही.