तीन बँडचा ट्रान्झिस्टर: वर्षभर वापरून लिहितोय

२०१९ मध्ये घेतला तेव्हा किंमत साडेसातशे रुपये. पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण सेलच्या झाकणापायी कापला आणि एक गुण त्यात उगाच घुसडलेल्या टॉर्च अन् मेमरी कार्डापायी. कंपनीचं नाव लिहीत नाही. दिसायला अगदी असेच सेट बाजारात चार-पाच नावांनी मिळतात, आणि माझ्या तक्रारी ऐकून कुणाचं पोट दुखायला नको.

आमचा जुना सेट लाकडी पेटीतला होता. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या गावभागात शिरलं, त्यात तो गेला. पाणी उतरल्यावर उघडला तर आतून चिखल निघाला. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर हरभट रोडला हा नवा घेतला. पण घरात टीव्ही असताना रेडिओ कोण लावतंय? खोक्यासकट कपाटावर गेला.

मग २०२० चा मार्च, आणि करोना. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून सगळा देश बंद. सुरुवातीलाच बरेच रुग्ण सापडलेलं इस्लामपूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे सांगलीवर सगळ्या राज्याचं लक्ष. काही दिवस पेपरही येईना. मी एसटीचा निवृत्त वाहक. सगळी नोकरी चालत्या गाडीत उभ्यानं काढलेली, घरात बसायचं वळणच नाही. टीव्हीसमोर बसून दिवसभर रुग्णांचे आकडे बघायचो आणि रात्री छातीवर हात ठेवून श्वास मोजायचो. शेवटी आमच्या हिनं रिमोट डाळीच्या डब्यात लपवला आणि कपाटावरच्या खोक्याकडे बोट केलं. ‘अहो, ते तरी उघडा,’ म्हणाली.

आता वस्तूबद्दल.

यात मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह आणि एफएम असे तीन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, आहेत. दोन मोठे सेल लागतात, शिवाय विजेची वायरही आहे. सुई फिरवायचा गोल खटका उजव्या अंगाला, मोठा आणि चांगला पकडीचा. वयस्कर बोटांना हे फार महत्त्वाचं. आवाज खणखणीत. स्वयंपाकघरात ठेवला तर पुढच्या सोप्यात शब्द न् शब्द कळतो. सेल पुष्कळ टिकतात. डायलवरचे आकडे मात्र श्रद्धेनं घ्यायचे. आमचं सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर आहे, या सेटच्या डायलवर ते तेराशेच्या पुढे लागतं. सगळीच केंद्रं तेवढीच सरकलेली आहेत, म्हणून हिशेब लावता येतो.

एफएमबद्दल फार लिहीत नाही. आवाज स्वच्छ येतो, जाहिराती स्वच्छ येतात.

खरी मजा मीडियम वेव्हवर आहे, आणि ती मला संध्याकाळी कळली. दिवसा सांगली, थोड्या खरखरीत पुणे ७९२ वर आणि कानडी बोलणारं धारवाड ७६५ वर, एवढंच मिळायचं. एकदा दिवेलागणीला सांगलीहून शेतीचा कार्यक्रम चालला होता. नातीनं खटका फिरवला, तर तिथे रत्नागिरी. ११४३. दिवसा त्या जागी नुसती सूं सूं होती. पुढे सरकवलं तर आणखी कुणी, आणखी पुढे आणखी कुणी. अंधार पडत गेला तसा डायल भरत गेला.

मुलानं पुण्याहून फोनवर समजावलं ते असं. आकाशात साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर एक थर असतो, तो उन्हामुळे तयार होतो आणि दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरापर्यंत पोचतात, तिथून आपटून शेकडो किलोमीटर लांब खाली उतरतात. उजाडलं की दार बंद. म्हणजे माणसं दिवसा चार तास सुटलेली आणि रात्री कोंडलेली, आणि लहरींचं अगदी उलटं.

रत्नागिरी लागल्यावर मी खरं सांगतो, उठून उभा राहिलो. सांगली-रत्नागिरी ही माझी वस्तीची गाडी होती. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली. पावसाळ्यात घाटात ड्रायव्हर काच पुसायचा आणि मी दारात उभा राहून दरड बघायचो. रात्री स्टँडवर गाडी लावायची, रोकड भरायची, आणि कुठल्यातरी टपरीवर ट्रान्झिस्टर चालू असायचा, तो ऐकत भाकरी सोडायची. तेच केंद्र आता माझ्या स्वयंपाकघरात, आणि त्या वेळी एसटी तर जागच्या जागी उभी. मे महिन्यात माझ्या जुन्या सोबत्यांनी परराज्यातल्या मजुरांना गाड्या भरभरून राज्याच्या हद्दीपर्यंत सोडलं. मी फोनवर ऐकायचो फक्त. जिल्ह्याबाहेर गाड्या सुटल्या त्या पुढे २० ऑगस्टला.

तर रात्री जेवणं उरकली की मी आणि नात वेगळ्या गाडीवर निघायला लागलो. माझ्याकडे कोऱ्या वे-बिलांचं एक जुनं बाड शिल्लक होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वे-बिल म्हणजे कुठल्या टप्प्याला किती तिकिटं गेली ते वाहकानं लिहायचा कागद. त्याच रकान्यांत नात लिहायची: वेळ, किलोहर्ट्झ, गाव, भाषा, आणि शेरा. शेऱ्यात ‘खरखर’, ‘बाई बोलत होत्या’, ‘आबा म्हणतात हैदराबाद, मला नाही वाटत’ असं काहीबाही. हैदराबादच होतं, ७३८. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, नागपूर ५८५, चेन्नई ७२०. पणजी १२८७ सांगलीच्या अगदी कडेला, त्यामुळे आपलं केंद्र जोरात असलं की ते दबतं. सोलापूर ६०३ आणि बंगळूर ६१२ शेजारी-शेजारी. खटका केसभर इकडेतिकडे झाला की मराठीत कन्नड मिसळतं, मंगळवेढ्याच्या पुढे गाडीत मिसळायचं तसंच. धारवाड लागलं की मी नातीला ‘मुंदे होगरी’ म्हणून पुढे सरकवायचो. सीमाभागात नोकरी केलेल्या कुठल्याही वाहकाला एवढं कन्नड येतंच.

शाळा बंद, ऑनलाइन तासाला नेट नाही, आणि पोरीनं भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाला बाहेरून कागद चिकटवून कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडू वाढवलं. भूगोलाच्या बाईंना फोटो पाठवला तर त्यांनी अंगठा पाठवला. असो.

आता वापरणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी, कारण खोक्यातल्या माहितीपत्रकात यातलं काही नाही.

पहिली. वरची पत्र्याची काठी मीडियम वेव्हसाठी नसते. ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. लोक ती पूर्ण उपसतात, भिंतीला टेकवतात, आणि केंद्र लागलं नाही की सेटला शिव्या देतात. मीडियम वेव्हचा एरियल आत असतो, फेराइटची काळी कांडी, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. ही कांडी सेटच्या लांबीत आडवी असते. केंद्र ज्या दिशेला आहे तिकडे सेटचं तोंड किंवा पाठ केली की आवाज वाढतो, सेटची टोकाची बाजू केली की पडतो. म्हणून काठी नाही, अख्खा सेट फिरवायचा. याचा उलटा फायदाही आहे. दोन केंद्रं एकमेकांवर चढली की नको असलेल्या केंद्राकडे टोक करायचं, ते मागं हटतं. सोलापूर आणि बंगळूर मी असेच वेगळे काढतो. पाटावर ठेवून पाटच फिरवला तर हात भरून येत नाही.

दुसरी. खरखर बहुतेक वेळा रेडिओची नसते, घरातली असते. स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इंडक्शनची शेगडी, हे सगळे मीडियम वेव्हवर ओरडतात. वायरीवर लावला तर या सेटमधून सतत हूंऽऽ येतं, सेलवर लावला की जातं. म्हणून वायर मी कायमची गुंडाळून ठेवली. एकदा संध्याकाळी सगळ्या पेठेची वीज गेली. लोक गॅलरीत येऊन वायरमनला फोन लावत होते आणि आमच्याकडे चेन्नई असं लागलं की मृदंगावरचं बोट ऐकू यावं. तेव्हापासून लाइट गेली की नात आधी टॉर्च शोधत नाही, रेडिओ शोधते.

टॉर्चवरून आठवलं. या सेटला पुढे एक एलईडीची टॉर्च आहे. ती लावली की तिचीच खरखर रेडिओत येते. ज्यानं ही काढली त्यानं स्वतः रेडिओ ऐकलेला नसावा. मेमरी कार्डाची खाच एकदा वापरली. गाणं थांबवायचं बटण आणि पुढचं गाणं लावायचं बटण एकच आहे, कधी काय होईल ते बटणालाच माहीत. या दोन गोष्टी काढून तेवढ्या पैशात सेलचं झाकण नीट केलं असतं तर बरं झालं असतं. झाकणाचा दात पहिल्याच पावसाळ्यात तुटला. आता दुधाच्या पिशवीचं रबर लावलंय, ते झाकणापेक्षा मजबूत आहे.

शॉर्टवेव्हनं निराशा केली, पण त्यात सेटचा दोष अर्धाच. बँड अरुंद, जरा बोट हललं की तीन देश ओलांडतात. आणि ऐकण्यासारखं राहिलंय तरी काय? बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, म्हणजे मी खोकं उघडण्याआधी थोडेच दिवस. त्या केंद्रावर आमच्या डेपोतली निम्मी भांडणं मिटायची, किंवा लागायची. आता तिथे सगळ्यांत मोठ्यानं ऐकू येते ती चिनी भाषा. लॉकडाउनमध्ये हिनं ते ऐकून सेटच्या अंगावर सॅनिटायझर शिंपडलं होतं. डाग अजून आहे.

घरात तंटेही झाले, ते लपवत नाही. नाट्यगीत लागायला आणि हिच्या मिक्सरला एकच मुहूर्त. मिक्सर चालू झाला की बालगंधर्व असोत की आणखी कुणी, सगळे करवतीत जातात. सांगलीसारख्या गावात हे पाप आहे असं मी म्हणालो, तर ती म्हणाली मग पाट्यावर वाटा. वाटली. शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटलेली वेगळीच लागते. तेव्हापासून नाट्यगीत आणि चटणी हे माझ्याकडे एकत्र आहे.

सकाळचा भाग ज्याचा त्याचा. मी केंद्र उघडायच्या आधी लावून ठेवतो. आधी नुसती हवा, मग ती तंबोरा-व्हायोलिनची धून. ती वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकारानं १९३६ मध्ये बांधली. हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत राहिलेला माणूस तो, आकाशवाणीत नोकरी करायचा. ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या. दहा मिनिटांत सगळं सांगून होतं. त्यातही आकडे असतात, पण बातम्या देणारा माणूस ते एकदाच सांगतो आणि थांबतो. टीव्हीनं ते दिवसभर ओरडून सांगितले तेव्हा मला धाप लागायची. रिमोट केव्हाच डाळीच्या डब्यातून बाहेर आला, पण मीच तो फारसा हातात घेत नाही.

कुणी घ्यावा? ज्याला बोटानं शोधायला आवडतं त्यानं. ज्याला नाव बोललं की गाणं लागलं पाहिजे त्यानं घेऊ नये, फोन आहे. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे आणि डोळ्यांचं काम झालंय त्यांनी जरूर घ्यावा, खटके मोठे आहेत. फ्लॅटमध्ये मधल्या खोलीत मीडियम वेव्ह लागणार नाही, स्लॅबची सळई अडवते. खिडकीत किंवा गॅलरीत ठेवा. आमचं घर जुनं कौलारू आहे, त्याचा मला फायदा मिळाला.

हे लिहिलं ते मे २०२१ मध्ये. तेव्हा पुन्हा घरात होतो, इलेक्ट्रॉनिकची दुकानं पुन्हा बंद होती. त्यामुळे लगेच घ्या असं म्हणत नव्हतो, आजही म्हणत नाही. आधी माळ्यावर बघा, बऱ्याच घरात एखादा जुना सेट पडलेला असतो. झाकण उघडा. आत सेल फुटून पांढरं-हिरवं साचलं असेल तर लिंबाच्या रसात कापूस बुडवून पुसा, नीट वाळवा, मग पट्ट्या पॉलिश पेपरनं हलक्या घासा. आवाजाचा खटका खरखर करत असेल तर सेल न घालता पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा, बहुतेक साफ होतो. सुई जागची हलत नसेल तर आतला डायलचा दोरा तुटलाय. त्यात स्वतः हात घालू नका, कप्प्यांवरून तो कसा ओवायचा हे उलगडेपर्यंत डोकं फिरतं. आमच्या गावभागात तो ओवून देणारा एक जण होता, २०२१ मध्ये चाळीस रुपये घ्यायचा. त्या मे महिन्यात त्याचंही शटर खाली होतं.