आरटीएक्स ५०६० टीआय, आरएक्स ९०६० एक्सटी की आर्क बी५८०? मध्यम बजेटमधील ग्राफिक्स कार्डांचा तुलनात्मक आढावा

गेमिंगसाठी पंचवीस ते पन्नास हजार रुपयांच्या दरम्यान नवे ग्राफिक्स कार्ड घेऊ पाहणाऱ्यासमोर तीन कंपन्यांची तीन कार्डे येतात : एनव्हिडियाचे जीफोर्स आरटीएक्स ५०६० टीआय, एएमडीचे रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी आणि इंटेलचे आर्क बी५८०. यांतली कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न या टप्प्यावर फारसा उपयोगाचा नाही, कारण तिघींनीही कुठे ना कुठे हात आखडता घेतलेला आहे. तो नेमका कुठे घेतला आहे आणि आपल्या घरच्या संगणकात, आपण खेळतो त्या खेळांत तो खुपणार आहे का, हे पाहिले की निवड बरीच सोपी होते.

बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला बाजारात आले. ५०६० टीआयची १६ जीबी मेमरीची आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये ४२९ डॉलरला, तर ९०६० एक्सटीची १६ जीबी आवृत्ती जून २०२५ मध्ये ३४९ डॉलरला आली. अमेरिकेतील या किमतींत कर धरलेला नसतो. डॉलर ९० रुपयांचा मानून त्यावर १८ टक्के जीएसटी चढवला, तर हे आकडे अनुक्रमे साधारण साडेसव्वीस हजार, साडेपंचेचाळीस हजार आणि सदतीस हजार रुपये होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन दुकानात नेमका हाच भाव मिळेल असे नाही, कारण त्यात वितरकाचा नफा, कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे नाव आणि २०२५च्या अखेरीपासून चढू लागलेले मेमरी चिपांचे दर मिसळलेले असतात. पण तीन कार्डांमधले अंतर जोखायला एवढा हिशेब पुरेसा आहे.

आता त्या अंतराच्या बदल्यात काय मिळते ते पाहू. रे ट्रेसिंग (खेळातल्या प्रकाशकिरणांचा हिशेब करून सावल्या-प्रतिबिंबे काढण्याचे तंत्र) बंद ठेवून १४४०पी रेझोल्यूशनवर, म्हणजे १०८०पीहून बारीक चित्रावर, खेळले, तर ५०६० टीआय हे ९०६० एक्सटीपेक्षा सरासरी पाच-सहा टक्क्यांनी पुढे राहते आणि काही खेळांत ही आघाडी पुसलीही जाते. मूळ किमतीत मात्र ते जवळजवळ २३ टक्क्यांनी महाग आहे. दुसरीकडे ९०६० एक्सटी हे बी५८०च्या साधारण २५ ते ३० टक्के पुढे असून किमतीतला फरक ४० टक्क्यांचा आहे. म्हणजे केवळ प्रत्येक रुपयामागे मिळणाऱ्या फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) मोजायच्या ठरवल्या, तर कागदावर इंटेल पहिले, एएमडी त्याच्या मागे आणि एनव्हिडिया शेवटी येते. इंटेलच्या या पहिल्या क्रमांकाला एक मोठी अट आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

त्याआधी मेमरीविषयी, कारण या किमतीत ग्राहक सर्वाधिक इथेच फसतो. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन आवृत्त्यांत, पण एकाच नावाने विकली जातात. ही नावे ठेवण्याची पद्धत सरळसरळ दिशाभूल करणारी आहे, आणि त्याबाबतीत एनव्हिडिया व एएमडी यांच्यात डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. अलीकडच्या मोठ्या खेळांत टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) उच्च दर्जाचे ठेवले की ८ जीबी मेमरी १०८०पीवरसुद्धा अपुरी पडू शकते. मेमरी भरली की उरलेला डेटा संगणकाच्या साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून तो मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमार्गे पुन्हा पुन्हा आणावा लागतो. कार्डावरची मेमरी सेकंदाला शेकडो जीबी डेटा पुरवते; ५०६० टीआयच्या बाबतीत हा आकडा ४४८ आहे. स्लॉटची वाट त्या मानाने अगदीच अरुंद असते. परिणामी सरासरी फ्रेम रेट बरा दिसत असूनही खेळ मध्येच अडखळतो, किंवा टेक्स्चर धूसर होऊन नंतर सावकाश भरत जाते.

यात आणखी एक बारकावा आहे. ५०६० टीआय आणि बी५८० ही कार्डे स्लॉटच्या डेटा वाहणाऱ्या सोळा मार्गिकांपैकी आठच वापरतात, ९०६० एक्सटी सर्वच्या सर्व सोळा वापरते. नव्या मदरबोर्डवर हा फरक जाणवत नाही. पण बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर, जिथे पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी आहे, आठ मार्गिकांतून सेकंदाला जेमतेम ८ जीबी डेटा जातो. पाच-सहा वर्षांपूर्वीचा संगणक तसाच ठेवून फक्त कार्ड बदलणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी ८ जीबीचे ५०६० टीआय घेणे म्हणजे पैसे मोजून अडचण घरी आणण्यासारखे आहे. ज्याचा सगळा वेळ व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये जातो, त्याला ८ जीबी पुरते हे खरे, पण त्याला मुळात एवढ्या महाग कार्डाची गरज नाही. बी५८०वर १२ जीबी मेमरी असून ती या दोन टोकांच्या मधली, आजच्या १०८०पी आणि १४४०पीसाठी समाधानकारक म्हणावी अशी आहे.

एनव्हिडिया जास्त पैसे मागते ते प्रामुख्याने रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस (चित्र मोठे करून वेग वाढवणारे तिचे तंत्र) या दोन गोष्टींसाठी. रे ट्रेसिंगमध्ये एएमडीने या पिढीत मोठी मजल मारली आहे आणि सावल्या किंवा प्रतिबिंबे एवढ्यापुरता प्रकाशाचा हिशेब असलेल्या खेळांत दोन कार्डांमधली दरी बरीच बुजली आहे. ‘सायबरपंक २०७७’ किंवा ‘अ‍ॅलन वेक २’ यांच्यासारख्या, संपूर्ण प्रकाशयोजनाच पाथ ट्रेसिंगने, म्हणजे रे ट्रेसिंगच्या सर्वांत जड प्रकाराने, करू शकणाऱ्या खेळांत मात्र एनव्हिडिया स्पष्टपणे पुढे आहे. रे ट्रेसिंग नको असेल तर बंद करू, हा पर्यायही आता सर्वत्र उरलेला नाही : ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम : द डार्क एजेस’ हे खेळ त्यासाठीचे हार्डवेअर कार्डात असल्याशिवाय चालत नाहीत. तिन्ही कार्डांत ते आहे, तेव्हा निदान ती चिंता नको.

अपस्केलिंगच्या बाबतीत, म्हणजे कमी रेझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करण्याच्या तंत्रात, डीएलएसएस ४ आजही सर्वांत सुबक चित्र देते. एएमडीचे एफएसआर ४ मशीन लर्निंगवर आधारलेले असून आधीच्या एफएसआरमधली हलत्या कडांची चळचळ त्यात खूपच कमी झाली आहे. चालू खेळात दोन्हींमधला फरक ओळखायला नजर तयार असावी लागते. अडचण दर्जाची कमी आणि उपलब्धतेची जास्त आहे. डीएलएसएस असलेल्या खेळांची यादी लांबलचक आहे, एफएसआर ४ची त्या मानाने तोकडी. इंटेलचे एक्सईएसएस चांगले असले तरी तेही डीएलएसएसपेक्षा कमी खेळांत आढळते.

जाहिरातीत मिरवले जाणारे मल्टी फ्रेम जनरेशन मात्र मी तुलनेत जवळजवळ धरतच नाही. डीएलएसएस ४च्या या सोयीत कार्ड खरोखर काढलेल्या एका फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम स्वतः तयार करून मध्ये घालते. मूळ वेग सेकंदाला ३० फ्रेम असेल, तर पडद्यावर १२० दिसतात, परंतु तुमच्या माउसच्या हालचालीची दखल घेणारी खरी फ्रेम अजूनही साधारण ३३ मिलिसेकंदांनीच येते आणि मधल्या प्रक्रियेमुळे उशीर थोडा वाढतोच. चित्र लोण्यासारखे सरकते, हाताला मात्र जडपणा जाणवतो. मूळ वेग ६०च्या आसपास असेल तेव्हा हे तंत्र छान काम करते, म्हणजे ज्याला त्याची सर्वांत कमी गरज असते त्याला ते सर्वांत जास्त फळते. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७०ची तुलना थेट मागच्या पिढीतल्या सर्वांत शक्तिशाली आरटीएक्स ४०९०शी केली, ती याच तयार केलेल्या फ्रेमांच्या जोरावर.

आता इंटेलची अट. बी५८०च्या ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) प्रोसेसरकडून इतरांपेक्षा जास्त काम करून घ्यावे लागते. त्यामुळे जुन्या किंवा मध्यम प्रोसेसरसोबत, उदाहरणार्थ एएमडीच्या रायझन ५ २६०० सोबत, या कार्डाचा वेग अनेक खेळांत चांगलाच घसरतो. त्यात रिसायझेबल बार ही प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय मदरबोर्डच्या बायोसमध्ये चालू असणे जवळपास अनिवार्य आहे आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीचे कोअर किंवा रायझन ३००० मालिका व त्यापुढचे प्रोसेसर सुचवते. नंतरच्या ड्रायव्हरांनी काही खेळांत हा त्रास कमी केला आहे, तरीही विचित्र स्थिती अशी की हे सर्वांत स्वस्त कार्ड नव्या संगणकातच शोभते, आणि ज्याचे बजेट कमी त्याचा संगणक सहसा जुनाच असतो. नवा संगणक पहिल्यापासून जुळवणाऱ्याने मात्र बी५८०चा विचार अवश्य करावा.

कार्ड फक्त खेळण्यासाठी आहे का, या प्रश्नाचे उत्तर घरात प्रामाणिकपणे द्यायला हवे. आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन किंवा व्हिडिओ संपादन शिकणाऱ्या मुलासाठी तेच कार्ड वापरले जाणार असेल, तर ब्लेंडरमधील रेंडरिंग आणि घरच्या संगणकावर एआय मॉडेल चालवणे या दोन्ही कामांत एनव्हिडियाच्या क्युडाला (कार्डाकडून खेळांपलीकडची गणिते करून घेणाऱ्या तिच्या प्रणालीला) आजही तोड नाही. तिथे १६ जीबीच्या ५०६० टीआयचे जास्तीचे आठ-साडेआठ हजार वसूल होतात. याउलट लिनक्स वापरणाऱ्याला एएमडीचा मुक्त स्रोत ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, तयार मिळतो, हे त्या बाजूचे मोठे सुख आहे.

कार्ड आपल्याकडे पाच-सहा वर्षे सहज वापरले जाते, म्हणून ड्रायव्हर किती काळ मिळत राहील हेही पाहिले पाहिजे. एनव्हिडियाने २०१६च्या जीटीएक्स १० मालिकेला २०२५च्या ऑक्टोबरपर्यंत खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर दिले आणि त्यानंतरही सुरक्षाविषयक दुरुस्त्या चालू ठेवल्या. त्याच सुमारास एएमडीने २०२०च्या अखेरीस आलेली आरएक्स ६००० मालिका देखभालीच्या वेगळ्या शाखेत टाकली; ग्राहकांनी ओरड केल्यावर नव्या खेळांसाठीचे काम चालू राहील असा खुलासा करावा लागला. खुलासा झाला तरी कल कळतो. अर्थात एनव्हिडियाचेही ५० मालिकेचे सुरुवातीचे ड्रायव्हर काळ्या पडद्याच्या तक्रारींनी गाजले होते. इंटेलच्या बाबतीत शंका दूरच्या भविष्याची आहे : सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवण्याची आणि दोघांनी मिळून चिप बनवण्याची घोषणा झाल्यापासून आर्क कार्डांचे पुढे काय, हा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो.

विजेवर मात्र निर्णय अडवू नये. १६ जीबी आवृत्त्यांत ५०६० टीआय १८० वॉटचे, ९०६० एक्सटी १६० वॉटचे आणि बी५८० १९० वॉटचे आहे. रोज चार तास खेळले आणि युनिट दहा रुपयांचे धरले, तरी वीस वॉटचा फरक वर्षाला तीनशे रुपयांच्या आत राहतो. चांगल्या कंपनीचा ६०० वॉटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तिन्हींना पुरतो.

माझे मत विचाराल तर केवळ खेळण्यासाठी १६ जीबीचे ९०६० एक्सटी घ्यावे. ते आणि १६ जीबीचे ५०६० टीआय यांच्यात दुकानात तीन-चार हजारांहून कमी फरक निघाला, तर मात्र ५०६० टीआय घ्यावे, कारण तेवढ्या पैशांत डीएलएसएस आणि क्युडा स्वस्तच पडतात. आणि ५०६० टीआयसाठी भाव पन्नास हजारांच्या बराच वर जात असेल, तर एक पायरी चढून आरएक्स ९०७०ची किंमत पाहून घ्यावी. १६ जीबी मेमरी आणि तिच्यापर्यंत जाणाऱ्या २५६ बिटच्या रुंद मार्गामुळे ते वेगळ्याच वर्गातले कार्ड आहे.

खरेदी करताना खोक्यावर ‘१६ जीबी’ छापलेले स्वतः वाचावे आणि बिलावरही मेमरीचा आकडा व सिरीयल नंबर लिहून घ्यावा, कारण भारतात वॉरंटीचे काम बहुतेक वेळा वितरकामार्फत त्याच नंबरावर होते. परदेशातून नातेवाइकांकरवी कार्ड मागवताना त्या विशिष्ट कंपनीची वॉरंटी इथे लागू होते का, हे आधी विचारावे. एकाच चिपची दोन पंख्यांची आणि तीन पंख्यांची कार्डे खेळांत एक-दोन टक्क्यांच्या फरकाने सारखीच चालतात. तिसऱ्या पंख्यासाठी चार-पाच हजार जादा देण्याआधी ते कॅबिनेटमध्ये मावेल का, हे टेपने मोजून पाहावे.