इंटिग्रेशन सर्व्हरचं लॉगिन: बेसिक, डायजेस्ट, टोकन की सर्टिफिकेट?

ऑर्डरी, बिलं, साठ्याचे आकडे इकडून तिकडे पोचवणारा इंटिग्रेशन सर्व्हर उभा करताना एचटीटीपी लॉगिनचा निर्णय शेवटच्या दिवसावर ढकलू नका. नंतर बदलायचं म्हटलं की जोडलेल्या एकेका पार्टीच्या मागे लागावं लागतं.

बेसिक सगळ्यात सोपं. युजरनेम आणि पासवर्ड जोडून त्यांचं बेस६४ (साध्या अक्षर-अंकांत मांडायची पद्धत) करायचं आणि प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये पाठवायचं. पण बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, ते कुणीही क्षणात उलगडतं. टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन, नसेल तर बेसिकचा विचारच नको. टीएलएस असलं तरी लॉगकडे, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींकडे, लक्ष हवं. एका प्रोजेक्टवर डीबग लॉगिंग चालू राहिलं होतं आणि सपोर्ट तिकिटाला जोडलेल्या फाइलमध्ये ते हेडर जसंच्या तसं उतरलेलं मी पाहिलं. पाच पार्ट्यांना एकच खातं दिलेलं, त्यामुळे पासवर्ड पाचही ठिकाणी बदलावा लागला. तेव्हापासून प्रत्येक पार्टीला वेगळं खातं, हा माझा पहिला नियम.

डायजेस्टमध्ये पासवर्ड तारेवरून जातच नाही, सर्व्हरनं दिलेल्या नॉन्ससह (तात्पुरत्या आकड्यासह) काढलेला हॅश, म्हणजे उलगडता न येणारा ठसा, जातो. २०१५ च्या आरएफसी ७६१६ या इंटरनेट मानकानं त्यात एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीच्या जोडीला एसएचए-२५६ ही जास्त मजबूत पद्धत आणली. तरीही मी ते घेणार नाही. सर्व्हरकडे एकतर मूळ पासवर्ड, नाहीतर युजरनेम, रेल्म (लॉगिन ज्या विभागासाठी आहे त्याचं नाव) आणि पासवर्ड यांचा मिळून ठरावीक हॅश असावाच लागतो. तुमचे पासवर्ड बीक्रिप्ट या वेगळ्याच हॅशमध्ये साठवलेले असतील तर गाडी तिथेच अडते. शिवाय पहिली रिक्वेस्ट ४०१ (‘आधी लॉगिन करा’ हा नकाराचा कोड) घेऊन परत येते, मग नॉन्ससह पुन्हा जाते. साधा क्लायंट ४० एमबीची फाइल दोनदा पाठवतो.

टोकन म्हणजे दर वेळी पासवर्डऐवजी दाखवायचा तात्पुरता पास. ते सहसा अल्पायुषी असतं, फुटलं तरी नुकसान थोडं. पण टोकन देणारा सर्व्हर बंद पडला आणि जुन्या टोकनची मुदत संपली की सगळेच खोळंबतात. पार्ट्या भरपूर असतील आणि तो सर्व्हर आधीच चालू असेल, तरच हा मार्ग धरा.

पैशांचे व्यवहार जात असतील तर क्लायंट सर्टिफिकेटच, म्हणजे जोडणाऱ्या सिस्टिमची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्रच, घ्या. मात्र त्याची मुदत कधी संपते ते दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये असू द्या.

कंपनीच्या आत, मोजक्या सिस्टिम्समध्ये, टीएलएसवर बेसिक पुरतं. सुरू करण्याआधी लॉगिन न देता प्रत्येक सर्व्हिसला एक रिक्वेस्ट पाठवून पाहा. ४०१ यायला हवं. २०० (‘सगळं ठीक’ हा कोड) आलं, तर ती सर्व्हिस कुणालाही उघडी आहे.