ठिबकची नळी की भंगारातलं लोखंड?

टाकाऊ वस्तूंचं एखादं शिल्प अंगणात नाहीतर शाळेच्या आवारात उभं करायचं मनात असेल, तर आपल्या खानदेशात दोन गोष्टींना तोटा नाही: बदललेल्या ठिबकच्या नळ्या आणि भंगारातलं लोखंड. मी दोन्हींचा एकेक बगळा केला.

नळी आधी फार गोड वाटते. १६ एमएमची नळी कात्रीने कापते, वेल्डर शोधावा लागत नाही, उचलायला चार माणसं लागत नाहीत. केळीच्या बागेतून निघालेली असेल तर क्षारांचे पांढरे ओघळ आयतेच मिळतात. वरून रंग द्यायला जाऊ नका, पॉलिथिलीनवर ना रंग टिकतो ना डिंक. सगळं तारेनेच बांधायचं.

तेही चाललं असतं. पण नळीला वेटोळ्याची सवय! संध्याकाळी ताठ केलेली मान दुसऱ्या दुपारी छातीत. उन्हाने चुरा होऊ नये म्हणून नळीत काजळीसारखा कार्बन ब्लॅक असतो, आणि तोच काळेपणा ऊन पिऊन तिला मऊ करतो. वैशाखभर मी मान बांधायची आणि तिने पडायचं. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, तुना बगळा झोपी गया का?" मग आत सळई घातली. म्हणजे बगळा सळईचाच झाला, नळी नुसता अंगरखा.

लोखंडाची कटकट आहेच. वजन, वेल्डरच्या खेपा, दुपारी हात लावायची सोय नाही. पण टाका बसला की बसला. शिवाय वस्तू आपली ओळख सोडत नाही. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात बैलही दिसतो, सायकलही. माझ्या बगळ्याचे पंख वखराच्या पासेचे, म्हणजे माती कापणाऱ्या लोखंडी पात्याचे; चोच विळ्याची. शेतकरी आधी पास ओळखतो, मग बगळा.

छताला टांगायचं असेल, मुलांकडून करून घ्यायचं असेल, तर नळीच बरी. तुमचा हात माझ्यापेक्षा बराही असेल. उघड्यावर मात्र मी पुन्हा लोखंडच घेईन. फक्त जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंगला देऊ नका, त्या धुराने ताप भरतो. आणि गंज घासून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. नळ्यांचे उरलेले तुकडे मी बगळ्याच्या पायाशी लव्हाळा म्हणून रोवलेत.